बूच लावलेली क्रॉस्ली

४ फेब्रुवारी २०१७, शनिवार

माझ्या नवऱ्याच्या, मर्लच्या, रजिस्टरची मागची चाळीसएक पानं कोरी राहिलीत. टाकून देववेना, म्हणून लिहायला बसलेय. पुढच्या पानांवर त्याचं अक्षर आहे, दाराच्या कड्या, दिव्यांच्या काचा, हॉर्नची बटणं. मागच्या पानांवर आता मी. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोजच्या जेवणाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाची अपेक्षा कुणी करू नये. तसंही कोण वाचणार आहे!

डियानचा ॲरिझोनाहून फोन आला होता. "आई, मग ऑगस्ट नक्की ना?" नक्की म्हटलं. घर विकायचं आणि मी लेकीजवळ जाऊन राहायचं. तिथे बर्फ अजिबात पडत नाही, म्हणते. मग काय पडतं, असं विचारणार होते, पण पोरगी प्रेमाने बोलावतेय, तिला कशाला टोमणे मारायचे.

घर आवरायचं म्हणजे काही विशेष नाही. गराज आवरायचं म्हणजे मात्र शिक्षा आहे. अडतीस वर्षं या माणसाने क्रॉस्लीचे सुटे भाग जमवले. आमच्या मॅरियन गावातल्याच कारखान्यात बनलेली ती इवलीशी गाडी. मर्ल आत बसला की गाडीत बसल्यासारखा नाही, गाडी अंगात घातल्यासारखा दिसायचा. आणि त्या एवढ्याशा गाडीसाठी जमिनीपासून छतापर्यंत खोकी! प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर चार ओळी: कुठून, कुणाकडून, कधी, कशासाठी. लग्नाचा वाढदिवस त्याला कधी आठवला नाही, पण एकोणीसशे त्र्याऐंशीत कुठला बोल्ट कुणाकडून आणला ते विचारा.

११ फेब्रुवारी, शनिवार

क्लेटन ग्रूब आला होता. मर्लचा क्रॉस्ली क्लबातला जुना दोस्त. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून गराज आवरायला आला. हे असले पुरुष! म्हटलं, "क्लेटन, ग्रीस लागेल." तर म्हणे, "लागू दे."

मी म्हटलं तुला हवं ते घेऊन जा, बंपर घे, त्या क्रोमच्या पट्ट्या घे, काय द्यायचं ते दे. तर मान हलवून म्हणाला, "आत्ता नाही, लव्हॉन." गेल्या आठवड्यात क्लबातल्या आणखी दोघांना फोन केला होता. तेही हेच म्हणाले, आत्ता नाही, बघू. म्हणजे माझ्या नवऱ्याने अडतीस वर्षं जे जमवलं ते कुणाला फुकटसुद्धा नको आहे. जिवंत होता तेव्हा 'मर्ल, ते देतोस का, मर्ल, हे देतोस का' करत मागे लागायचे. मेले ढोंगी.

एक गंमत झाली. मी भंगाराच्या पिंपात एक कॉफीचा डबा टाकला. वर मर्लच्या अक्षरात 'वाकडे खिळे' असं लिहिलेलं. वाकड्या खिळ्यांनाही लेबल! क्लेटनने तो पिंपातून परत काढला आणि फळीवर मागे ठेवला.

"अरे, वाकडे खिळे आहेत ते."

"सरळ करता येतात," तो म्हणाला.

सगळे एकाच माळेचे मणी आहेत हे क्लबवाले.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज आच्छादन काढून गाडी पाहिली. मर्ल गेल्यापासून पहिल्यांदाच. हिरवी स्टेशन वॅगन, १९५१ची. मर्लच्या वडिलांनी कोरी घेतलेली. आरशासारखी चकचकीत आहे, सगळं जिथल्या तिथे, सगळं अस्सल. फक्त नाकावर भोक आहे आणि त्यात बूच.

त्या वर्षीच्या गाडीच्या नाकावर एक छोटा पंखा असायचा, विमानाला असतो तसा, वाऱ्याने भिरभिरणारा. मर्ल सात वर्षांचा असताना त्याने तो पान्याने काढला आणि जत्रेत एका पोराला देऊन बदल्यात चाकू घेतला. वडील काहीच बोलले नाहीत. एक चापट मारली असती तर बरं झालं असतं, असं मर्ल म्हणायचा. म्हातारा शेवटपर्यंत तशी भोकाची गाडी चालवत राहिला. १९७९ साली सासरे गेले, गाडी आमच्याकडे आली, मर्लने भोकात बाटलीचं बूच ठोकलं आणि पंखा शोधायला निघाला. नवे बनवून विकणारे पुष्कळ आहेत, पण याला अस्सलच हवा. कारखान्यातून आलेला.

दर जुलैत आम्ही ट्रकमागे ट्रेलर लावून, त्यावर क्रॉस्ली चढवून ओहायोतल्या क्रॉस्लीवाल्यांच्या मेळ्याला जायचो. जाता येता गावोगावची कोठारं धुंडाळायची. मेळ्याच्या दारावरच कुणीतरी ओरडायचं, "मर्ल, मिळाला का रे?" आणि मर्ल बूच दाखवून म्हणायचा, "नाही रे, शोधतोय." दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि दरवर्षी सगळे हसायचे.

गेल्या वर्षीही हसले. आठवड्याने मर्ल गेला. न मिळताच गेला बिचारा.

त्याचं हे एक काम राहिलं. ते मी करणार. ऑगस्टमध्ये जायच्या आधी तो पंखा शोधणार, गाडीला लावणार आणि जुलैच्या मेळ्यात नेऊन सगळ्यांना दाखवणार. लिहून ठेवलं म्हणजे माघार घेता येणार नाही.

४ मार्च, शनिवार

क्लेटनला बेत सांगितला. वाटलं होतं खूश होईल. त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि दहा मिनिटं बाहेर जाऊन ट्रकची चाकं तपासत बसला. आत आला तर म्हणाला, "जाऊ दे ना लव्हॉन. बूच काय वाईट दिसतं?"

चाळीस वर्षांची दोस्ती आणि हे बोलणं! मी त्याला काही खायला दिलं नाही. शुगर क्रीम पाय, म्हणजे दूध-साखरेचा गोड पदार्थ, केला होता, झाकून ठेवला. मग जाताना वाईट वाटलं, म्हणून बांधून दिला.

१९ मार्च, रविवार

चर्चमधून आले. पाऊस आणि बर्फ एकदम पडतंय. आज मर्लची फार आठवण येतेय.

घरात हा माणूस बोलायचाच नाही. जेवण झालं की गराजमध्ये. मी हाक मारली की आतून 'हं'. पण ट्रकमध्ये बसला आणि गाव मागे पडलं की तोंड उघडायचा. त्याचे वडील, सैन्यातले दिवस, त्याला कशाची भीती वाटते, डियान लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा तो कोठारात जाऊन कसा रडला होता. हे सगळं मला ओहायोच्या रस्त्यांवर कळलं. वर्षाचे दहा दिवस मला नवरा होता.

एकदा मी त्याला हे बोलूनही दाखवलं. चौऱ्याण्णवची गोष्ट असावी, डियानच्या लग्नाचा उन्हाळा. मेळ्याच्या दिवशी संध्याकाळी ब्रायन गावाच्या अलीकडे एका छोट्या हॉटेलात जेवायला थांबलो होतो. जुलैचा उकाडा आणि हा जाकीट घालून बसलेला! काढ म्हटलं तर काढेना. छातीवर हात धरून बसला होता. मला वाटलं दुखतंय की काय. गालातल्या गालात हसतही होता. मी पायचा तुकडा खाता खाता म्हटलं, "मर्ल, देव करो आणि तो पंखा तुला कधी न मिळो. मिळाला की तू परत गराजमध्ये गडप होशील आणि मी ओट्याशी. आता तर पोरगीही घरात नाही." त्याचं हसू एकदम गेलं. माझा उरलेला पायचा तुकडा खाल्ला आणि बिल द्यायला उठला.

मला नंतर कित्येक दिवस लागून राहिलं होतं. एवढ्या कळकळीने शोधणाऱ्या माणसाला असं तोडून बोलायला नको होतं मी.

२२ एप्रिल, शनिवार

मिळाला! मिळाला, मिळाला!

परवा शेजारच्या काउंटीत जुन्या बाजारात एका माणसाकडे मिळाला. आजोबांच्या कोठारात पडून होता म्हणाला. सगळा गंजलेला, हिरवट डाग पडलेले. गंज पाहूनच माझी खात्री पटली. मर्लने चाळीस वर्षं घातली आणि मला दोन महिन्यांत मिळाला, हे वर बसून बघत असेल तर जळत असेल.

क्लेटनला दाखवला. त्याने हातात तोलून पाहिला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "छान आहे." पण लगेच नाकाशी नेऊन हुंगला.

"हुंगतोस काय? लोणचं आहे का ते?"

"तसंच काहीसं," म्हणाला, आणि तोंड पाडून घरी गेला.

२९ एप्रिल, शनिवार

नक्कल आहे. नवाच पंखा मीठ आणि व्हिनेगरमध्ये बुडवून म्हातारा केलेला. आठवडाभर गप्प राहून आज क्लेटनने सांगितलं. मला इतका राग आला की मी त्याच्यावरच घसरले.

"गेल्या शनिवारीच का नाही बोललास?"

"तू इतकी आनंदात होतीस..."

"आनंदात होते म्हणून मला मूर्ख राहू द्यायचं? मर्लशीही असंच वागत होतात का रे तुम्ही सगळे? एकाने तरी मनापासून मदत केली का त्याला? केली असती तर चाळीस वर्षांत एक पंखा मिळत नाही?"

तो हळूच म्हणाला, "मर्लने मला तोंड..." आणि तिथेच थांबला.

"काय तोंड?"

"तोंड धुवायला शिकवलं ग्रीस काढायच्या साबणाने," म्हणाला. काय बोलतो हा माणूस, त्याचं त्यालाच ठाऊक. वय झालं त्याचंही.

१३ मे, शनिवार

मका पेरून झाला सगळीकडे. मी क्रॉस्ली चालवायला शिकतेय. मेळ्यात गाडी मीच आत नेणार, दुसऱ्या कुणी नाही. मर्ल मला हात लावू द्यायचा नाही, म्हणायचा गिअर अवघड आहेत. अवघड कसले, खडूस आहेत. दर वेळी असे करकरतात की शेताच्या पलीकडची कुत्री भुंकायला लागतात.

"ऐकून टाक गिअर," क्लेटन शेजारून म्हणतो, "इंजिनाचा आवाज ऐक, मग टाक."

"तुझ्या बडबडीत काय डोंबल ऐकू येणार?"

गुडघ्याला गुडघा घासतो एवढीशी गाडी. तो बिचारा दाराला चिकटून, अंग चोरून बसतो. मी म्हटलं पडशील बाहेर, नीट बस. तर कान लाल झाले त्याचे. उकडत असेल.

१० जून, शनिवार

काल ओहायोला जाऊन आले. वूस्टरच्या पुढे एल्डन बोमन म्हणून म्हातारा आहे, त्याच्याकडे अस्सल पंखा आहे असं मर्लच्या रजिस्टरमध्येच सापडलं. नाव, पत्ता, आणि पुढे 'पंखा' असं लिहून खूण. क्लेटन म्हणत होता जाऊ नको, लांब आहे. मी निघालेच म्हटल्यावर ट्रक चालवायला स्वतः आला.

एल्डनने नाव सांगताच ओळखलं. "मर्लची बायको! तू ट्रकमध्ये बसून विणत असायचीस. आत कधी आली नाहीस."

तर म्हणे पंखा दोन वर्षांपूर्वीच कॅलिफोर्नियाला गेला. मी म्हटलं, आमचा मर्ल जन्मभर शोधत होता हो. त्यावर एल्डन माझ्याकडे बघतच राहिला. "शोधत होता? चार वेळा आला तो माझ्याकडे. मी पंखा समोर ठेवायचो. तो उचलायचा, फुंकर मारून फिरवायचा, आणि परत ठेवून म्हणायचा, छान आहे, येतो. मी तर शेवटच्या वेळी फुकट घेऊन जा म्हणालो होतो."

"त्याला नक्कल वाटली असेल," मी म्हटलं. ट्रकमध्ये परत आल्यावर तो मला दर वेळी हेच सांगायचा, 'नव्हता गं, नक्कल निघाली.'

"माझ्या कोठारात नक्कल?" एल्डनला रागच आला. तेवढ्यात क्लेटनने कॉफीचा अख्खा पेला स्वतःच्या मांडीवर सांडला आणि तो विषय तिथेच संपला.

निघताना एल्डनने दुसरी एक गोष्ट सांगितली. आपला माणूस गेला की त्याच्या घरून पुढच्या मेळ्यापर्यंत क्लबातलं कुणीही काही घेत नाही. अशी रीत आहे. दुःखात बायका घाईने वाटेल ते देऊन टाकतात आणि मग पस्तावतात. "जुलैत बघ, तुझ्याभोवती रांग लागेल." आणि मी त्या सगळ्यांना ढोंगी म्हटलं. मला मेलीला आधी कुणी सांगायचं तरी!

२४ जून, शनिवार

दोन आठवडे काही लिहिलं नाही. डोकं भणभणतंय.

चार वेळा! समोर पंखा, म्हातारा फुकट देतोय, आणि हा 'छान आहे, येतो' म्हणून बाहेर येतो आणि बायकोला खोटं सांगतो. मर्ल खोटं बोलणारा माणूस नव्हता. हिशेबात नाही, चर्चमध्ये नाही. मग माझ्याशीच का? वडिलांची आठवण काढून डोळे पुसायचा ते तरी खरं होतं की नाही? मी विणत बसले तासन् तास. कितीतरी उन्हाळे.

क्लेटनला विचारलं. "तुला माहीत होतं?" तर "मला कसं माहीत असणार" असं न म्हणता म्हणाला, "तो तुझ्याशी कधी वाईट हेतूने खोटं बोलला नसता." हे काय उत्तर झालं? त्याला म्हटलं, पुढच्या शनिवारी येऊ नकोस.

डियानला सांगितलं, गाडी मेळ्यातच विकून टाकते, बुचासकट. ती म्हणाली, शहाणी माझी आई.

८ जुलै, शनिवार

क्लेटन गेल्या शनिवारी आला नाही. मीच सांगितलं होतं म्हणा, पण आजही आला नाही. एकटीने गराज आवरायला घेतलं.

रागाच्या भरात जे हाताला लागेल ते भंगाराच्या पिंपात फेकत होते. तो वाकड्या खिळ्यांचा डबा दिसला. म्हटलं, आता हा वाचवायला कोण येतो बघू. झाकण उघडून उलटा केला.

वर बोटभर खिळे होते. खाली फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

उघडायच्या आधीच वजनावरून कळलं. त्या नकलेच्या दुप्पट जड. एक डाग नाही, दरवर्षी पुसत असणार. दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती, चार ओळींची, इतर सगळ्यांना असते तशीच.

ब्रायनजवळचा मेळा.
क्लेटनकडून.
१६ जुलै १९९४.
लव्हॉनसाठी.

गराजमध्ये उलटी बादली ठेवून तिच्यावर बसले. किती वेळ बसले कोण जाणे. जाकीट का काढत नव्हता ते कळलं. खिशात होता त्याच्या. मला दाखवायलाच घेऊन बसला होता, गालातल्या गालात हसत, आणि मी पायचा घास तोंडात घेऊन म्हटलं, देव करो आणि तुला कधी न मिळो.

बावीस उन्हाळे, मर्ल. बावीस उन्हाळे तू मला घेऊन खिशातली वस्तू शोधत फिरलास. लोकांच्या दारात जाऊन मुद्दाम रिकाम्या हाताने परत आलास. अरे वेड्या, नुसतं म्हणाला असतास, चल लव्हॉन, फिरायला जाऊ, तर मी आले नसते का? पण तुला ते म्हणता आलं नसतं. ते मला माहीत आहे.

फार रडले. तो गेला त्या दिवशीसुद्धा इतकी रडले नव्हते.

९ जुलै, रविवार

चर्च बुडवलं. क्लेटनच्या घरी गेले आणि पंखा त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्याने मला खुर्ची ओढून दिली.

"त्या दिवशी सकाळी मेळ्यात मीच दिला होता त्याला," म्हणाला. "एका खोक्यात सापडला मला. नाचायचा बाकी होता मर्ल. म्हणाला, आज जेवताना लव्हॉनला चकित करतो. दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावर भेटला तर तोंड एवढंसं. म्हणाला, क्लेटन, मला पंखा मिळालेला नाही. तोंड शिवून टाक. मी विचारलं, कधीपर्यंत? तर म्हणाला, ती कंटाळेपर्यंत."

"मी कंटाळले नाही," मी म्हटलं.

"ते त्याने पाहिलं ना."

"आणि तू मला फेब्रुवारीपासून नाचवलंस!"

"शब्द दिला होता गं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाकडे मागायचा? खिळ्यांचा डबा तेवढा जपला मी. म्हटलं, तिचं नाव आहे चिठ्ठीवर, तिच्याच हाताला लागू दे."

त्याने अंडी तळून दिली. करपवली. खाल्ली मी.

१२ जुलै, बुधवार

आज पंखा लावला. बूच काढलं, आत नट बसवला, पाच मिनिटांचं काम. धान्याच्या कोठारापर्यंत जाणारा आमचा रस्ता सरळ आहे आणि दुपारी रिकामा असतो. मी गाडी काढली, गिअर एकदाही करकरला नाही. पण आत बसून पंखा दिसतच नाही! नाक खाली उतरतं पुढे. चाळीस मैलांचा वेग घेतला, खिडकीतून मान काढली, काही दिसेना.

"तो चालवणाऱ्याला दिसत नाही," क्लेटन म्हणाला. "समोरच्याला दिसतो."

मग मी उतरले. रस्त्याच्या कडेला मक्यात उभी राहिले, आणि क्लेटनने कोठाराकडून गाडी आणली. लांबून आधी नुसता हिरवा ठिपका, मग नाकावर काहीतरी चमकतंय, मग भर्रकन समोरून गेली. पाती दिसतच नव्हती, नुसतं चांदीचं गोल चक्र. मी टाळ्या वाजवल्या. सत्तर वर्षांची बाई मक्यात उभी राहून टाळ्या वाजवतेय!

तीनदा आणायला लावली त्याला. मग घरी येऊन नट काढला, पंखा फडक्यात गुंडाळला आणि बूच परत ठोकलं.

क्लेटन बघत होता. "नक्की?"

"नक्की," म्हटलं.

१५ जुलै, शनिवार. ओहायो, मोटेल

दमलेय, पण आजच लिहिते.

एल्डन म्हणाला तसंच झालं. ट्रक मागाहून आत आणला, तर तो थांबायच्या आत रांग. बंपर गेले, क्रोमच्या पट्ट्या गेल्या, दाराच्या कड्यांवरून दोघांचं भांडण झालं. प्रत्येकजण आधी चिठ्ठी वाचायचा, मग वस्तू बघायचा. एकजण म्हणाला, चिठ्ठी काढू नको, मी तशीच लावणार आहे. गाडीबद्दल सहाजणांनी विचारलं. मी म्हटलं, गाडी विकायची नाही.

त्याच्याही आधी, सकाळी मी क्रॉस्ली चालवत दारातून आत नेली. सगळे उठून उभे राहिले. टोप्या काढल्या. शेवटी मागून एल्डनच ओरडला, "काय गं लव्हॉन, मिळाला का?"

क्लेटन शेजारी बसला होता, तो बुटांकडे बघायला लागला.

मी खिडकीतून हात काढून बूच दाखवलं. "नाही रे," म्हटलं, "शोधतेय."

असे हसले सगळे! काहीजण हसता हसता डोळे पुसत होते.

दुपारी डियानला फोन केला. म्हटलं, ऑगस्टचं रद्द. तुझ्याकडे जानेवारीत येईन, बर्फाच्या दिवसांत. उन्हाळ्यात मला इथे काम आहे. "कसलं काम, आई?" पंखा शोधायचाय म्हटलं. क्लेटन म्हणतोय पुढच्या वर्षी केंटकीकडची कोठारं बघू, ट्रक तो चालवेल. पेट्रोल वाचवायला बघत असेल.

संध्याकाळी ब्रायनच्या अलीकडच्या त्या हॉटेलात जेवलो. मालक बदललेत, टेबलं बदललीत, पाय मात्र तसाच आहे. फार उकडत होतं. छताचा पंखाही बंद पडलेला. क्लेटन दोनदा म्हणाला, "अगं लव्हॉन, घामाने भिजलीयस. काढ ना ते मर्लचं जाकीट."

"असू दे," मी म्हटलं, आणि खिशावर हात ठेवून त्याला सांगितलं की माझा उरलेला पायचा तुकडा तू खा.